वाशीचा पायलट ग्राउंड क्लास: शिकवणी चोख, ‘माजी सैनिक बेनिफिट’ फुसकं

ग्राउंड क्लास म्हणजे पायलटच्या परीक्षांची वर्गातली थिअरी. त्यातलं नेव्हिगेशन (मार्ग काढणं) आणि मेटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र) शिकायचं असेल तर इथे जरूर जा. पैशांचा सल्ला हवा असेल तर रिसेप्शनसमोरच्या काउन्सेलरच्या टेबलाला वळसा घाला आणि सरळ वर्गात शिरा. एका ओळीत एवढंच. बाकीचं वाचायला वेळ असेल तर पुढे वाचा, खासकरून फौजेतून निवृत्त झालेल्यांनी.

क्लासचं नाव लिहीत नाही. सेक्टर 17 पासून सानपाड्यापर्यंत अशा पाट्या बऱ्याच दिसतात, आणि नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून त्यात भरच पडतेय. मी लिहितोय ते कमी-जास्त फरकाने यातल्या इतरांनाही लागू पडेल असा माझा अंदाज.

मी एअरफोर्समधून सार्जंट म्हणून बाहेर पडलो. ट्रेड एअरफ्रेम फिटर. म्हणजे विमान उडवलं नाही, पण उडण्यालायक ठेवलं. आता घणसोलीला घरोंदात राहतो, महापे एमआयडीसीत नोकरी करतो. थोरली लेक बारावी सायन्स झाली आणि तिने घरात जाहीर केलं की तिला सीपीएल करायचंय, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स. तिची आई म्हणाली, “बापाने आयुष्यभर विमानाखाली काढलं, हिला वर बसायचंय.” मग आम्ही तिघं वाशीला गेलो.

काउन्सेलर चटपटीत पोरगा. टाय, टॅबलेट, गुळगुळीत कागदावरचं ब्रोशर. दोन ‘ट्रॅक’ दाखवले. इंडिया ट्रॅक म्हणजे इथे ग्राउंड क्लास आणि फ्लाइंग भारतातल्या स्कूलमध्ये. यूएसए ट्रॅक म्हणजे ग्राउंड क्लास इथेच, फ्लाइंग अमेरिकेतल्या त्यांच्या ‘पार्टनर’ स्कूलमध्ये, मग परत येऊन डीजीसीएकडे, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, लायसन्स बदलून घ्यायचं. यूएसए ट्रॅकच्या पानावर तळाला छोटा झेंडा आणि त्याखाली एक ओळ: ‘व्हेटरन्स बेनिफिट्स अ‍ॅक्सेप्टेड’.

मी विचारलं, “हे काय आहे?”

“सर, तुम्ही डिफेन्सचे ना? मग तुमचं तर कामच झालं. तिकडे एक्स-सर्व्हिसमनच्या मुलांचं फ्लाइंग गव्हर्नमेंट पे करतं.”

“कुठलं गव्हर्नमेंट?”

पोरगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “ते प्रोसेसिंगच्या वेळी क्लिअर होतं सर.”

घरी येऊन माझ्या साडूच्या मुलाला फोन लावला. तो ग्रीन कार्डवर अमेरिकन आर्मीत भरती झाला, तिथली नोकरी पूर्ण केली आणि आता टेक्सासमध्ये विमान शिकतोय, तेही याच योजनेतून. तो पोट धरून हसला. “काका, ती योजना माझी आहे, तुमची नाही!”

त्याने सांगितलं आणि मी नंतर त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर पडताळलं, ते असं. अमेरिकेत 1944 साली, दुसरं महायुद्ध संपत आलेलं असताना, परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणासाठी कायदा झाला. त्याला लोक जीआय बिल म्हणतात. आजची आवृत्ती ‘पोस्ट-9/11 जीआय बिल’, 2009 पासून चालू. पूर्ण लाभ हवा तर साधारण 36 महिने सक्रिय सेवा हवी, आणि ती अमेरिकन फौजेतली. भारतीय वायुदलातली माझी सगळी सर्व्हिस त्यांच्या लेखी शून्य. ब्रोशरवरची ओळ खोटी नाही, पार्टनर स्कूल खरंच तो पैसा स्वीकारत असेल, पण ती अमेरिकन माजी सैनिकांसाठी आहे. घणसोलीच्या सार्जंटसमोर ती ओळ बोटाने दाखवणं ही शुद्ध चलाखी. कुणी विश्वास ठेवून घर गहाण टाकलं असतं तर?

आणि ज्याला ती योजना लागू आहे त्यालाही सगळं ताटात वाढून मिळत नाही. साडूच्या मुलाला पहिलं लायसन्स, म्हणजे पीपीएल (खासगी पायलट लायसन्स), स्वतःच्या खिशातून काढावं लागलं. साध्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकायचं तर सरकार पैसे देतं ते त्यापुढच्या ट्रेनिंगचे, आणि त्याआधी सेकंड क्लास मेडिकल, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्रही हातात लागतं. स्कूल त्यांच्या एफएएच्या, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याच्या, पार्ट 141 या नियमांखाली मान्यताप्राप्त हवं. शिवाय वर्षाला कमाल मर्यादा आहे, 2025-26 साठी 17 हजार डॉलरच्या आसपास. राहण्याचा भत्ता अशा स्कूलमध्ये मिळत नाही. तेच फ्लाइंग सरकारी विद्यापीठाच्या पदवीचा भाग असेल तर गणित बदलतं: तिथल्या रहिवाशांच्या दराने पूर्ण फी मिळते आणि भत्ताही. म्हणून तिकडचे हुशार लोक आधी कॉलेज बघतात, मग विमान. जीआय बिलाची जुनी आवृत्ती, म्हणजे माँटगोमेरी योजना, ज्यांना आहे त्यांना खर्चाच्या 60 टक्के परत मिळतात. हे सगळं साडूचा मुलगा दहा मिनिटांत सांगून गेला. वाशीच्या काउन्सेलरला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तो गप्प होता. कुठलं जास्त वाईट हे तुम्हीच ठरवा.

एवढं होऊनही लेकीला त्याच क्लासला घातलं. कारण सांगतो.

प्रवेशाआधी डेमो लेक्चरला बसू देतात, पालकांनाही. लेकीबरोबर मी शेवटच्या बाकावर बसलो. नेव्हिगेशन आणि मेट शिकवणाऱ्या मॅडम एकच. आल्या त्या सरळ फळ्याकडे, प्रोजेक्टर बंद. बाहेर धो धो पाऊस. त्यांनी मोबाइलवर सांताक्रूझच्या विमानतळाचा सकाळचा मेटार काढला, म्हणजे हवामानाचा सांकेतिक अहवाल, आणि जसाच्या तसा फळ्यावर उतरवला. मग एकेका मुलाला उठवून वाचायला लावलं. वेळ 0300 झुलू (विमानांची जागतिक वेळ), म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. वारा 24012, म्हणजे 240 अंशांकडून 12 नॉट. दृश्यता 2000 मीटर, पाऊस, खाली तुटक ढग.

“रनवे 27 वर उतरतोय,” मॅडम म्हणाल्या. “आडवा वारा किती?”

वर्ग गप्प. मॅडमनी 270 मधून 240 वजा केले, 30 अंश. साइन 30 म्हणजे अर्धा. बाराचे अर्धे, आडवा वारा सहा नॉट, आणि समोरून साधारण दहा. मग एका मुलाच्या हातात सीआर-3 दिला, तो गोल फिरकी कॉम्प्युटर, आणि तेच उत्तर त्यावर काढायला लावलं. त्याने चकती उलटी धरली होती. मॅडम रागावल्या नाहीत. “परीक्षेच्या हॉलमध्ये घाम फुटला की सगळेच उलटी धरतात, म्हणून आत्ताच धरून घे,” म्हणाल्या. पुढचा प्रश्न: “सेसना 100 नॉटने जातंय, आडवा वारा सहा, किती अंश वाहून जाल?” सहाला शंभराने भागा, साठने गुणा, साडेतीन अंशांच्या आसपास. चकतीही तेच दाखवते. शेवटी एक बारीक गोष्ट सांगितली जी मला वीस वर्षं हँगरमध्ये राहून माहीत नव्हती. मेटारमधला वारा खऱ्या उत्तरेवरून मोजलेला असतो, टॉवर रेडिओवर सांगतो तो चुंबकीय उत्तरेवरून. मुंबईत दोघांत एक अंशाचाही फरक नाही म्हणून चालून जातं, पण परदेशात फ्लाइंगला गेलात आणि हे विसरलात तर बोंब. हे ऐकलं आणि मी चेकबुक काढलं.

मॅडमनी डेमोच्याच दिवशी आणखी एक गोष्ट बजावली: फीचा पहिला हप्ता भरायच्या आधी मेडिकल. आधी डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे क्लास टू, मग क्लास वन. “डोळे, कान, हृदय यातलं काही अडकलं तर नेव्हिगेशन शिकून काय करणार?” हे वाक्य काउन्सेलरच्या तोंडून यायला हवं होतं, पण त्याच्या टॅबलेटवर मेडिकलची पाटी फीच्या पाटीच्या खाली होती.

टेक्निकल जनरल, म्हणजे विमान आणि इंजिनचा विषय, हा माझा प्रांत, त्यामुळे तिथे मी जरा जास्तच नाक मुरडणार हे समजून घ्या. शिकवणारे सर सज्जन, पण स्लाइड वाचून दाखवतात. मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र) चेकला आरपीएम का पडतो? स्लाइडवर उत्तर होतं, ‘कारण एक मॅग्नेटो बंद केला’. हे उत्तर नाही, हा प्रश्नच परत सांगणं झालं. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात, दोन मॅग्नेटो दोन वेगळे प्लग पेटवतात. एक बंद केला की आग एकाच बाजूने पसरते, जळायला जास्त वेळ घेते, ताकद थोडी उतरते, म्हणून आरपीएम पडतो. आणि अजिबातच पडला नाही तर खूश व्हायचं नाही, एखादा मॅग्नेटो बंदच होत नसेल अशी शंका घ्यायची. लेकीला हे मी घरी पोळ्या लाटता लाटता समजावलं. (हो, पोळ्या मी लाटतो. सर्व्हिसमध्ये शिकलो.) ज्यांच्या घरी फिटर नाही त्यांनी या विषयासाठी वेगळा काही बंदोबस्त बघावा. वर्गात एक जुनं कापलेलं पिस्टन इंजिन ठेवलंय, छान आहे, पण ते काचेत. हात लावायला मिळत नसेल तर ते शोभेचं.

एअर रेग्युलेशन्स, म्हणजे उड्डाणाचे नियम, ठीक. पाठांतराचा विषय, टेस्ट भरपूर घेतात. डीजीसीएला पास व्हायला 70 टक्के लागतात, इथे टेस्टमध्ये 85 च्या खाली गेलात तर पालकांना मेसेज. हे मला पटलं, लेकीला नाही. रेडिओ टेलिफोनीचा सराव आठवड्याच्या शेवटी, हेडसेट लावून जोडीजोडीने. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी बोलताना जो संकोच असतो तो तिथे गळून पडतो, कारण हेडसेटमध्ये सगळेच सारखेच गडबडतात.

आता फी. ग्राउंडची फी अडीच लाखांच्या आत सांगतात, त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. ब्रोशरवर ते ‘टॅक्सेस अ‍ॅज अ‍ॅप्लिकेबल’ असं मुंगीएवढ्या अक्षरात आहे. ‘डिफेन्स फॅमिली 10 टक्के सवलत’ फक्त ट्यूशनवर. पुस्तकं, टेस्ट सिरीज, ‘लायब्ररी’ यांची वेगळी पावती, तिथे सवलत नाही. डिस्चार्ज बुकची झेरॉक्स मागतात, ईएसएम (माजी सैनिक) ओळखपत्र चालत नाही म्हणाले. मी मॅनेजरला म्हटलं, ओळखपत्र सरकारने दिलंय, तुमच्या लॅमिनेशनवाल्याने नाही. मग चाललं. भांडा, मिळतं.

फ्लाइंगच्या फीबद्दल मात्र कुणी जीएसटी लावला तर पावती नीट बघा. डीजीसीए मान्य फ्लाइंग ट्रेनिंग ऑर्गनायझेशनमधल्या मान्यताप्राप्त कोर्सला जीएसटी लागत नाही, हे ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाने स्पष्ट झालंय. ग्राउंड कोचिंग वेगळं, फ्लाइंग वेगळं. काउन्सेलर दोन्हीचं ‘पॅकेज’ करून एकच आकडा सांगतो तेव्हा त्याला दोन आकडे करून मागा.

मग माजी सैनिकाला आपल्याकडे आहे तरी काय? हे कुणी ब्रोशरवर छापणार नाही म्हणून लिहितो.

डीजीआर, म्हणजे पुनर्वसन महासंचालनालय. त्यांचे कोर्स निवृत्तीच्या तोंडावर असलेल्या सैनिकासाठी असतात. जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) आणि त्याखालच्यांना फुकट, अधिकाऱ्यांना 40 टक्के भरावे लागतात. मी स्वतः त्यातून सेफ्टीचा कोर्स केला, आजची नोकरी त्यावरच आहे. पण लेकीला ते लागू नाही.

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना केंद्रीय सैनिक बोर्डाची. मुलींना महिना 3000, मुलांना 2500. बारावीला 60 टक्के हवेत आणि ती व्यावसायिक पदवीसाठी आहे. नुसतं सीपीएल हे लायसन्स आहे, पदवी नव्हे, हे लक्षात ठेवा. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांसाठी, म्हणजे आमच्याकडे सार्जंटपर्यंत, दोन मुलांपर्यंत शिक्षण अनुदान आहे. ते नोव्हेंबर 2025 पासून महिना 1000 चं 2000 झालं. तेही पदवीपर्यंतच्या शिक्षणाला. अर्ज ऑनलाइन, पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून. हे पैसे घ्या, हक्काचे आहेत, पण त्यातून विमान उडणार नाही. सीपीएलला 200 तास लागतात, त्यातले 100 स्वतः कमांडर म्हणून, आणि आम्हाला फ्लाइंग स्कूलने सांगितलेल्या दराने वर्षभराच्या अनुदानात दोन तासही होत नाहीत. धाकट्याच्या इंजिनिअरिंगला मात्र उपयोग होईल.

थोडक्यात आपल्याकडे जीआय बिलासारखं काही नाही, आणि ब्रोशरवर झेंडा छापून ते येणार नाही. उरतं ते शैक्षणिक कर्ज आणि निवृत्तीचा पैसा. बँका साडेसात लाखांपुढे तारण मागतात, आणि स्कूल डीजीसीए मान्य आहे का ते बघतात. व्याजावर आयकराच्या 80ई कलमाखाली आठ वर्षांपर्यंत करसवलत आहे, पण फक्त जुन्या कररचनेत. नव्या कररचनेत गेलेल्यांनी ती विसरावी. कम्युटेशनच्या पैशाला हात लावू नका असं माझं स्पष्ट मत. अर्धी पेन्शन विकून मिळालेला तो पैसा, पूर्ण पेन्शन परत सुरू व्हायला 15 वर्षं जातात. मी ग्रॅच्युइटीतला एक भाग काढला, बाकी कर्ज. बायकोने विचारलं, “आणि नोकरी लागली नाही तर?” मी म्हटलं, तर ती एअरलाइनच्या ऑफिसात बसेल, पण व्याज तिच्या पगारातून जाईल. लेक हे ऐकत होती. ऐकू दे.

आम्ही यूएसए ट्रॅक सोडला. फ्लाइंग भारतातच, महाराष्ट्रातल्या एका स्कूलला नाव घातलंय, ग्राउंडचे पेपर झाले की तिकडे. कागदपत्रांत क्लासने मदत केली हे मान्य करतो. डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर (परीक्षेला बसायला लागणारा नोंदणी क्रमांक) काढायला बोर्डाकडून गुणपत्रिकेची पडताळणी लागते, आणि मुंबई विभागीय मंडळ वाशीतच आहे, त्यामुळे क्लासच्या ऑफिसवाल्या काकूंना कुठला फॉर्म, कुठली खिडकी सगळं तोंडपाठ. त्या काकूंना काउन्सेलरच्या खुर्चीवर बसवलं तर या क्लासबद्दल माझी अर्धी तक्रार संपेल.

बाकी किरकोळ. वर्गात तीसएक मुलं, एसी जास्तच गार, स्वेटर न्या. पार्किंग मिळत नाही. ट्रान्स-हार्बरने या, वाशी स्टेशनवरून चालत येता येतं. दुपारच्या बॅचला मॅडम नसतात, त्यांचे विद्यार्थी शिकवतात, म्हणून सकाळचीच बॅच मागा आणि शिकवणाऱ्याचं नाव पावतीवर लिहून घ्या. रिफंडची अट पहिल्या पंधरवड्यापुरती आहे, ती मेडिकलच्या तारखेशी जुळवून घ्या.

शिकवणीला साडेचार स्टार. काउन्सेलिंगला एक, तोही टाय नीट बांधला होता म्हणून.